कान बरा होतो, मग पुन्हा का चिघळतो?

एका वाचक ताईंच्या पत्राचा हा गोषवारा. त्यांच्या घरी ४ वर्षांची लॅब्राडोर आहे, वजन ३० किलोच्या आसपास. ती दीड वर्षाची असताना तिचे कान पहिल्यांदा बिघडले. गेल्या वर्षभरातली ही चौथी खेप. दर वेळी तेच : डोकं झटकणं, कान खाजवणं, तपकिरी मळ आणि आंबट-कुबट वास. ड्रॉप्स घातले की चार-पाच दिवसांत वास जातो, औषध थांबतं आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मागच्या खेपेला त्यांनी घरात उरलेली जुनी बाटलीच वापरली. रोज इअरबडने कान साफ करूनही मळ संपत नाही. ‘कान लोंबते आहेत, हे चालायचंच,’ असं घरातल्यांचं मत. कुणी कोमट तेल घालायला सुचवलं. डॉक्टर दर वेळी मळ काचपट्टीवर घेऊन तपासू म्हणतात, त्याची खरंच गरज असते का, अशी ताईंना शंका आहे. आता बाटली दिसली की ती पलंगाखाली शिरते, आणि परवा तिने पहिल्यांदाच दात दाखवले. ‘आमची काळजी कमी पडते का? आणि सगळ्यांत जोरदार औषध कोणतं ते एकदाचं सांगा,’ असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी लिहिलंय, ‘बाकी तब्येत उत्तम, फक्त पंजे चाटायची सवय आहे.’

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य अगदी शेवटी, जाता जाता आलंय. पंजे चाटणं ही सहसा सवय नसते. पंज्यांना खाज सुटते म्हणून कुत्रं ते चाटतं. आणि ज्या कुत्र्याचे पंजे खाजतात आणि कानही वारंवार बिघडतात, त्याचा मूळ आजार बहुधा त्वचेचा असतो. कानाच्या नळीच्या आतलं अस्तर म्हणजे त्वचाच. पोटाची, काखेतली, बोटांच्या बेचक्यांतली त्वचा ॲलर्जीने लाल होते, तशी कानातलीही होते. ती फक्त आपल्या नजरेला पडत नाही.

म्हणून ‘जोरदार औषध कोणतं’ याचं उत्तर देण्याआधी मला तो प्रश्नच जरा वळवून घ्यायचा आहे. यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आणि जिवाणू निरोगी कुत्र्याच्या कानातही थोड्या संख्येने राहतातच. त्वचा सुजली, मेणासारखा स्राव वाढला, आत ऊब आणि ओल साचली की ते भराभर वाढतात. ड्रॉप्स ही वाढ खाली आणतात, सूज तेवढ्यापुरती उतरवतात, पण सूज ज्यामुळे आली ते कारण जागच्या जागी राहतं. तुमच्या बाबतीत औषध चारही वेळा लागू पडलेलं दिसतंय. दुखणं परतलं, कारण कान पुन्हा पुन्हा संसर्गाला पोषक होतोय. तो तसा का होतोय, हे शोधायचं राहून गेलंय.

लोंबत्या कानांबद्दल घरातल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. कानाची पाळी नळीच्या तोंडावर झाकणासारखी पडते, वारा लागत नाही, ओल टिकते. पोहण्याची आवड, नळीत दाट केस, शार पेसारख्या जातींची मुळातच अरुंद नळी, या सगळ्या गोष्टी संसर्गाला हातभार लावतात. पण लोंबत्या कानांची कितीतरी कुत्री जन्मभर कानदुखीशिवाय राहतात, आणि ताठ कानांच्या जर्मन शेफर्डला कानाचे चिवट आजार होतात. कानाचा आकार बदलता येत नाही. तेच कारण मानून बसलात तर करण्यासारखं काही उरत नाही आणि खरं कारण मोकळं सुटतं.

खरी कारणं तशी मोजकी आहेत. वारंवार होणाऱ्या कानदुखीमागे सगळ्यांत जास्त वेळा ॲलर्जी निघते : धूळकिडे, परागकण, बुरशीचे कण यांची, किंवा अन्नातल्या एखाद्या प्रथिनाची. बाहेरच्या घटकांची ॲलर्जी साधारण ६ महिने ते ३ वर्षं या वयात सुरू होते. तुमच्या लॅब्राडोरची पहिली खेप दीड वर्षाची असताना आली, तीही ‘कानांना’, म्हणजे दोन्ही बाजूंना. हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं.

दुसरं कारण कानातले माइट्स, म्हणजे बारीक परजीवी किडे. ते मुख्यतः पिल्लांमध्ये आणि मांजरांसोबत राहणाऱ्या कुत्र्यांमध्ये दिसतात. मळ कॉफीच्या चोथ्यासारखा काळा, कोरडा, खवल्यांचा असतो आणि खाज भयंकर असते. एकाला झाले तर घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर उपचार करावे लागतात, नाहीतर ते एकमेकांकडून परत येतात. एका कानाला अचानक दुखणं आलं आणि कुत्रं डोकं त्या बाजूला कलतं धरून झटकू लागलं, तर गवताचं कुसळ आत गेलेलं असू शकतं. ते खोल सरकतं आणि पडदाही फोडतं. थायरॉइडची कमतरता किंवा नळीतली गाठ ही कारणं मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत जास्त. एकाच बाजूचा कान पुन्हा पुन्हा जातो, तेव्हा गाठीची शंका घ्यायलाच हवी.

आता इअरबडकडे येऊ. तुमच्या कष्टांवर पाणी पडतंय ते नेमकं इथे. कुत्र्याच्या कानाची नळी आधी विहिरीसारखी खाली उतरते आणि मग बोगद्यासारखी आत वळते. त्या आडव्या भागाच्या टोकाला कानाचा पडदा. एवढी सगळी लांबी ५ ते १० सेंटिमीटर भरते. इअरबडने दिसतो तेवढाच वरचा मळ निघतो. उरलेला वळणापाशी दाबला जातो आणि पडद्यासमोर त्याचा डाट बसतो. ड्रॉप्स त्या डाटावरच थांबतात. शिवाय सुजलेली त्वचा रोज घासली की तिला आणखी इजा होते, स्राव आणखी वाढतो, आणि मळ संपत नाही म्हणून आपण आणखी घासतो. काळजी कमी पडते का, असं तुम्ही विचारलंत. काळजी भरपूर आहे, पद्धत बदलायची आहे. इअरबड फक्त पाळीच्या आतल्या बाजूच्या घड्यांसाठी ठेवा, आणि तिथेही हलक्या हाताने.

मळ तपासण्याबद्दल मी ठामपणे डॉक्टरांच्या बाजूने आहे. काडीने मळ घेऊन काचपट्टीवर फिरवायचा, रंग द्यायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम. दोन्ही कानांचे नमुने वेगळे घेतात, कारण दोन कानांत दोन वेगळे संसर्ग असू शकतात. मॅलासेझिया नावाचं यीस्ट भुईमुगाच्या शेंगेसारखं, कमरेत बारीक दिसतं. गोल ठिपके म्हणजे कोकाय, गोल आकाराचे जिवाणू, बहुधा स्टॅफिलोकोकस. दांडीसारखे लांबट जिवाणू दिसले तर डॉक्टर सावध होतात, कारण त्यात स्यूडोमोनास असू शकतो आणि तो बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद देत नाही. सोबत पांढऱ्या पेशी दिसल्या तर शरीर लढतंय, म्हणजे पू आहे, असं कळतं.

या चित्रावर औषध ठरतं. नुसतं यीस्ट असेल तर क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, टर्बिनाफिनसारखं बुरशीविरोधी औषध हवं. अँटिबायोटिक तिथे काहीच करत नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ड्रॉप्समध्ये अँटिबायोटिक, बुरशीविरोधी औषध आणि स्टेरॉइड असं त्रिकूट असतं, त्यामुळे अंदाजाने दिलं तरी पहिल्या खेपेला बऱ्याचदा चालून जातं. चौथ्या खेपेला अंदाज परवडत नाही. दांडीसारखे जिवाणू दिसले, किंवा योग्य उपचार करूनही कान हटत नसेल, तर कल्चर करून, म्हणजे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून, कोणतं औषध लागू पडेल ते बघतात. वासावरून घरी ओळखता येतं, असं बरेच जण समजतात. गोडसर-आंबूस वास यीस्टचा आणि कुजका वास स्यूडोमोनासचा हे ढोबळमानाने ठीक, पण त्यावर औषध ठरवू नये. मिश्र संसर्ग फार वेळा असतो.

काचपट्टीचा तितकाच महत्त्वाचा उपयोग उपचार संपवताना होतो. तुम्ही वास गेला की औषध थांबवता. वास गेला म्हणजे जंतूंची संख्या बरीच घटली, एवढंच. उरलेल्यांना पुन्हा वाढायला दीड महिना भरपूर झाला. साध्या यीस्टलाही सहसा ७ ते १४ दिवस लागतात, स्यूडोमोनासला कित्येक आठवडे. औषध कधी थांबवायचं ते फेरतपासणीची काचपट्टी सांगते, आपलं नाक सांगू शकत नाही. तुमच्या चार खेपांपैकी एखाद-दुसरी खेप नवी नसेलही. आधीचीच अर्धवट दबून पुन्हा वर आली असेल.

प्रमाणातही चूक होते. ३० किलोच्या कुत्र्याच्या नळीत तीन-चार थेंब वरच्या भिंतीलाच चिकटून राहतात. २० थेंबांचा साधारण १ मिलिलिटर होतो. म्हणजे पाच थेंब म्हणजे जेमतेम पाव मिलिलिटर. एवढ्या मोठ्या कानाला अनेकदा अर्धा ते एक मिलिलिटर औषध लागतं. तुमच्या बाटलीचं नेमकं प्रमाण डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये विचारून घ्या आणि सुई काढलेल्या सिरिंजने मोजा. ‘थेंब’ हा शब्द फार फसवा आहे.

जुन्या बाटलीबद्दल थोडं कडक बोलते, राग मानू नका. उघडलेली बाटली ठरावीक मुदतीतच वापरायची असते आणि तिचं तोंड कानाला लागलं असेल तर जंतू तिच्यातच राहायला येतात. पण त्याहून मोठा धोका पडद्याचा. पडदा फाटलेला असेल तर काही औषधं मधल्या आणि आतल्या कानात पोचून ऐकू येणं किंवा तोल कायमचा बिघडवू शकतात. जेंटामायसिनसारखी अमिनोग्लायकोसाइड गटातली अँटिबायोटिक्स आणि क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक त्यांत येतात. पडदा शाबूत आहे की नाही, हे ओटोस्कोपने (कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने) आत बघितल्याशिवाय कळत नाही, आणि मागच्या वेळी शाबूत होता म्हणून आजही असेल असं नाही. ड्रॉप्स घालायला लागल्यावर कुत्रं हाकेला ओ देईनासं झालं, तोल जायला लागला, किंवा कान आधीपेक्षा लाल झाला, तर औषध लगेच थांबवून डॉक्टरांना फोन करा.

तेल घालू नका. तेलाने मळ सैल होतो असं वाटतं, पण ते आत साचून राहतं, मळात मिसळून चिखल होतो, आणि तेलातली फॅटी ॲसिड्स मॅलासेझियाचं खाद्य आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जखमी त्वचेला जाळतात. व्हिनेगरही सुजलेल्या कानात आग करतं. टी ट्री ऑइल कुत्र्यांसाठी विषारी आहे, कानातूनही आणि चाटल्यावरही. माणसांचे इअर ड्रॉप्सही नकोत. आणि तिला दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेनची गोळी तर चुकूनही नको. तिने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आता कान धुण्याची पद्धत. कुत्र्यांसाठी बनवलेलं इअर क्लीनर घ्यायचं, आणि कोणतं ते डॉक्टरांनी पडदा बघून सांगायचं. तेलकट मळ असेल तर मळ विरघळवणारं, ओल राहत असेल तर सॅलिसिलिक किंवा लॅक्टिक ॲसिड असलेलं कोरडं करणारं, दांडीच्या जिवाणूंसाठी ट्रिस-ईडीटीए असलेलं. पडदा फाटला असेल तर कोमट सलाइन. म्हणून शेजारच्या कुत्र्याला मानवलेली बाटली तिलाही मानवेलच असं धरू नका.

बाटली पाच मिनिटं हातात किंवा खिशात धरून कोमट करा. गार द्रव आत गेला की घेरी आल्यासारखं होतं, आणि मग कुत्रं त्या बाटलीवर कायमचा राग धरतं. जमिनीवर तिच्या बाजूला बसा, पाळी हळूच वर आणि किंचित मागे धरा, म्हणजे उभी नळी सरळ होते. बाटलीचं तोंड कानाला न टेकवता क्लीनर सोडा, नळी काठोकाठ भरेपर्यंत. इथे बहुतेक जण कंजुषी करतात. दोन-चार थेंबांनी वळणापलीकडचा मळ निघत नाही. पाळी खाली सोडून कानाच्या मुळाशी, जबड्याच्या कोपऱ्याजवळ, कातडीखाली जी कडक नळी हाताला लागते ती अंगठा आणि बोटांमध्ये धरून ३० सेकंद ते १ मिनिट चोळा. पचपच आवाज आला की द्रव खालपर्यंत पोचला समजा. मग सोडा आणि थोडं मागे सरका. ती जोरात डोकं झटकेल. खोलवरचा मळ त्या झटक्यानेच वर येतो. वर आलेला मळ कापसाच्या बोळ्याने किंवा गॉजने, बोट सहज जाईल तिथपर्यंतच, टिपून घ्या. बोळा फारच घाण आला तर एकदा पुन्हा करा. दोन कानांना दोन वेगळे बोळे. दोन्ही कान झाले की बाटलीचं तोंड पुसून ठेवा.

यानंतर लगेच ड्रॉप्स घालू नका, नाहीतर औषध पातळ होऊन बाहेर येतं. पंधरा-वीस मिनिटं कान निथळू द्या. ट्रिस-ईडीटीए दिलं असेल तर ही वाट पाहणं औषधाचाच भाग आहे, कारण ते जिवाणूंचं बाहेरचं आवरण कमकुवत करतं आणि मग अँटिबायोटिक आत शिरतं. कान पुवाने भरलेला असेल तर धुणं टाळून चालत नाही. जेंटामायसिन, पॉलिमिक्सिन-बी या अँटिबायोटिक्सचा जोर पुवात बराच कमी होतो.

किती वेळा धुवायचं? उपचार सुरू असताना डॉक्टर सांगतील तसं, बहुधा एक दिवसाआड किंवा आठवड्यातून दोन-तीनदा. कान बरा झाल्यावर आठवड्यातून एकदा, आणि महिना-दोन महिने निर्धोक गेले की पंधरवड्यातून एकदा पुरे. निरोगी कानात थोडा फिकट तपकिरी मेणासारखा मळ असायचाच. तो पुसून पुसून पांढराशुभ्र कापूस मिळवायचा हट्ट सोडा. पोहल्यावर किंवा आंघोळीनंतर मात्र कोरडं करणारं क्लीनर वापरा. नळीतले केस उपटायची गरज निरोगी कानाला नसते. उपटल्याने उलट सूज येते.

एक कळकळीची विनंती : ती पळते, दात दाखवते, त्यासाठी तिला रागावू नका. चार वर्षांत कधी न गुरगुरलेलं कुत्रं कानाला हात लावल्यावर दात दाखवतं, तेव्हा ते ‘दुखतंय’ एवढंच सांगत असतं. दाबून धरून औषध घातलंत तर ते घातलं जाईल, पण पुढच्या वेळी चावा बसेल. आणि इतकं दुखणाऱ्या कानाला घरी धुणं हा पहिला उपाय नसतोच. डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा.

पहिली, तोंडावाटे स्टेरॉइडचा छोटा कोर्स देता येईल का. नळी सुजून बंद झाली असेल तर औषध जायला जागाच नसते. काही दिवसांच्या प्रेडनिसोलोनने सूज उतरते, दुखणं कमी होतं आणि मग आत नीट बघता येतं. त्या दिवसांत तिला तहान, भूक आणि लघवी जास्त होईल. स्टेरॉइडसोबत वेदनाशामक सूजविरोधी गोळ्या चालत नाहीत, तेव्हा आधीपासून काही चालू असेल तर सांगा. दुसरी, भूल देऊन कान खोलवर धुणं. वळणापाशी डाट बसलाय अशी शंका असेल तर हाच सरळ मार्ग. त्याच वेळी पडदाही बघून होतो. तिसरी, दवाखान्यातच डॉक्टरांनी घालायचं आणि काही आठवडे टिकणारं जेल किंवा द्रव औषध. घरी रोजची झटापट वाचते, तुमचं-तिचं नातं वाचतं. मात्र त्यासाठी पडदा शाबूत हवा, कान आधी स्वच्छ झालेला हवा, आणि औषध आत असेपर्यंत धुणं बंद. अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा आग्रह मात्र धरू नका. बाहेरच्या कानाच्या संसर्गात ड्रॉप्समधून औषध जितकं तीव्र मिळतं, त्याच्या पासंगालाही गोळी पुरत नाही. मधल्या कानाचं दुखणं असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात.

दुखणं ओसरलं की तिला बाटलीशी पुन्हा ओळख करून द्या. बाटली नुसती जमिनीवर ठेवायची आणि शेजारी तिचा आवडता खाऊ. दोन दिवसांनी बाटली हातात, खाऊ. मग पाळीला एक क्षण स्पर्श, खाऊ. मग पाळी उचलणं. मग कोरडा बोळा टेकवणं. ती मान वळवते किंवा ओठ चाटते तिथे थांबून एक पायरी मागे या. दोन-तीन आठवडे लागतील, पण तिला हे आयुष्यभर लागणार आहे, तेव्हा ते सत्कारणी लागतील.

आता मुळाकडे. पंजे आणि कान दोन्ही खाजतात म्हटल्यावर आधी पिसवांचा बंदोबस्त पक्का करतात, महिनोन्‌महिने न चुकता, म्हणजे ते कारण बाजूला काढता येतं. खाज वर्षभर सारखीच असेल तर अन्नाची चाचणी करावी लागते : निदान ८ आठवडे फक्त एकच आहार, ज्यातलं प्रथिन तिने कधी खाल्लेलं नाही किंवा ज्यातल्या प्रथिनाचे तुकडे करून ते निरुपद्रवी केलेलं आहे. त्या काळात ताटातला घास, बिस्किट, चघळायच्या काड्या, चव लावलेल्या जंताच्या गोळ्या, चवीची टूथपेस्ट, सगळं बंद. घरातल्या एकानेही गुपचूप घास दिला तर ८ आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात, म्हणून आधी सगळ्यांना एकत्र बसवून हे सांगा. आणि सुधारणा झाली तरी चाचणी तिथे संपत नाही. जुनं अन्न परत सुरू करून दोन आठवड्यांत खाज परतते का बघायचं, तेव्हाच निदान पक्कं. अन्नाच्या ॲलर्जीसाठी केसांच्या, लाळेच्या किंवा रक्ताच्या चाचण्या विकल्या जातात. त्यांवर भरवसा ठेवून आहार बदलू नका.

अन्न निर्दोष ठरलं तर उरते ती हवेतल्या, घरातल्या घटकांची ॲलर्जी. ती मुळापासून जात नाही, पण ताब्यात ठेवता येते. ओक्लासिटिनिबच्या गोळ्या, लोकिवेटमॅबचं इंजेक्शन, सायक्लोस्पोरिन, किंवा चाचणीने घटक शोधून दीर्घकाळ द्यायची इम्युनोथेरपी (शरीराला त्या घटकांची हळूहळू सवय लावणं), असे पर्याय आहेत. कोणता निवडायचा हे तिचं वय, बाकीची तब्येत आणि तुम्हाला काय निभावेल यावर ठरवा. आणि तुमच्यासारख्यांना क्वचितच सांगितली जाणारी एक युक्ती : संसर्ग पूर्ण गेल्याची काचपट्टीवर खात्री झाल्यावर, ॲलर्जी असलेल्या कानात आठवड्यातून दोनदा नुसतं स्टेरॉइडचं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवतात. सूज मुळातच उठत नाही, त्यामुळे यीस्टला रान मोकळं मिळत नाही. दर दीड महिन्याला अँटिबायोटिकची बाटली उघडण्यापेक्षा हे तिच्या शरीराला कितीतरी सोपं.

हे सगळं आत्ताच का, तर वारंवार सुजणारी नळी हळूहळू जाड होते, अरुंद होते आणि शेवटी तिच्या भिंती हाडासारख्या कडक होतात. त्या टप्प्यावर औषध आत जाऊच शकत नाही आणि संपूर्ण नळी काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया हाच मार्ग राहतो. त्या शस्त्रक्रियेने वेदनेतून सुटका होते, पण त्या बाजूचं ऐकणं बहुतांशी जातं. चार वर्षांच्या वयात, वर्षाला चार खेपा असताना, तुम्ही बहुधा त्याच्या बऱ्याच अलीकडे आहात.

काही लक्षणं दिसली तर मात्र वेळ ठरवत बसू नका, त्याच दिवशी दाखवा : डोकं एका बाजूला कायम कललेलं, चालताना झोक जाणं, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलणं, चेहऱ्याची एक बाजू ओघळणं, जांभई देताना किंवा खाताना तोंड उघडायला दुखणं. संसर्ग मधल्या-आतल्या कानात गेल्याच्या या खुणा आहेत. कानाच्या पाळीत अचानक पाण्याची पिशवी भरल्यासारखी फुगवटी आली तर जोरात झटकल्याने आत रक्त साकळलंय. ती घरी सुईने फोडू नका.

या आठवड्यात एवढं करा. जुनी बाटली टाकून द्या, इअरबडचा डबा बाजूला ठेवा. एका वहीत लिहा : प्रत्येक खेप कोणत्या महिन्यात आली, कोणता कान, कोणतं औषध किती दिवस घातलं, पंजे ती कधी जास्त चाटते, पोट किंवा काख लाल दिसते का, खाण्यात काय काय जातं. वापरलेल्या सगळ्या औषधांच्या नावांचे फोटो घ्या. आणि भेटीची वेळ ठरली की आधीचे दोन दिवस कान अजिबात धुऊ नका, काही घालूही नका. वास येईल, येऊ द्या. काचपट्टीवर तो मळ जसाच्या तसा यायला हवा.